जिन्यातलं मशीन

सकाळी साडेदहाला धम्मप्रिया बाबरेनं पहिल्या मजल्यावरच्या आपल्या खोलीचं कुलूप काढलं, दिवा लावला, आणि समोर मशीनच नाही. खाट होती, हिरवा पडदा होता, टेबलावर रजिस्टर होतं, भिंतीवर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ असा बोर्ड होता. मशीनच्या जागी फरशीवर चार चाकांचे चार डाग तेवढे उरले होते. चोर आला म्हणावं तर कुलूप शाबूत. म्हणजे चोर घरचाच, आणि दुसरी किल्ली कुणाकडे असते हे आठवायला तिला अर्धं मिनिटही लागलं नाही.

कॉलेज जुळे सोलापूर या शहराच्या नव्या भागात. इमारत खरं तर मंगल कार्यालयासाठी उभी राहिली होती. आजूबाजूच्या नोकरदार मंडळींनी बँडच्या आवाजाची आधीच तक्रार करून ठेवली, म्हणून वीरभद्रप्पा अण्णांनी तिचं कॉलेज करून टाकलं. अण्णांचं नवी पेठेत कापडाचं मोठं दुकान. माणूस वाईट नव्हता, फक्त कोणतीही गोष्ट ठाणातून फाडून देता येते असा त्यांचा समज होता. तळमजल्यावर ऑफिस, पहिल्यावर रक्तवाहिन्यांच्या सोनोग्राफीचा डिप्लोमा, दुसऱ्यावर वेब डिझाइन, तिसऱ्यावर मीडिया प्रॉडक्शन. हे तीन कोर्स एका छपराखाली कसे, असं कुणी विचारलं की अण्णा शांतपणे म्हणायचे की तिन्हीत पडद्याकडंच बघायचं असतं. आता यावर काय बोलणार?

धम्मप्रियानं पुण्यात शिक्षण घेतलं होतं, सहा वर्षं हॉस्पिटलात काम केलं होतं, आणि हा कोर्स शिकवायला ती सोलापूरला परत आली होती. तिचं काम पायाच्या शिरा, मानेच्या धमन्या, मधुमेहवाल्यांची पावलं यांचं. यंत्रमागावर बारा बारा तास उभं राहून पिंढरीच्या शिरा दोरीसारख्या फुगलेली माणसं या गावात गल्लोगल्ली. त्यांच्या पायात रक्त कुठं अडतंय, कुठं उलटं फिरतंय, हे पडद्यावर लाल-निळ्या रंगात दाखवणारं तिचं शास्त्र. पण सांगून सांगून तोंडाला फेस आला तरी लोकांच्या लेखी सोनोग्राफी म्हणजे पोट. सख्खी मावशीसुद्धा चारचौघांत सांगायची की आमची धम्मा बाळंतपणाचं बघते. शेजारच्या सूनबाईनं तर एकदा हळूच विचारलं होतं, कळतं का हो तुम्हाला मुलगा की मुलगी. त्या दिवशी धम्मप्रियाचा आवाज तिसऱ्या गल्लीत ऐकू गेला होता.

म्हणून तर त्या मशीनला इतका जाच होता. कॉलेजात आलं तेव्हा तिनं सगळ्या शिक्षकांना एकत्र बसवून सांगितलं होतं: मशीनची नोंदणी पहिल्या मजल्यावरच्या या खोलीच्या नावानं आहे. आधी आरोग्य खात्याला लेखी कळवल्याशिवाय ते दाराबाहेर एक वीत गेलं तरी गुन्हा. आपण फक्त पाय बघतो, हे कायद्याला सांगून उपयोग नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. मीडियाच्या अनिलकुमार सरांनी तर ते भाषण कॅमेऱ्यात घेतलंही होतं, कारण ते सगळंच कॅमेऱ्यात घेतात.

आणि आता परीक्षेला आठ दिवस उरले असताना मशीन गायब. आठ मुलींची बॅच, प्रत्येकीला बाहेरून येणाऱ्या परीक्षकासमोर या मशीनवर एका पायाची पूर्ण तपासणी करून दाखवायची. त्यातल्या राजेश्वरीला शहरातल्या एका हृदयरोगाच्या हॉस्पिटलनं एक तारखेपर्यंत जागा धरून ठेवली होती. अक्कलकोटच्या बाजूच्या खेड्यातून रोज एसटीनं येणारी ही मुलगी; घरी कानडी, इथं मराठी, आणि हात असा हलका की गुडघ्यामागची बारीक शीर पहिल्या फटक्यात सापडायची. परीक्षा हुकली तर वर्ष गेलं आणि ती जागाही गेली. वरच्या मजल्यावरून गलका ऐकू येत होता; धम्मप्रिया दोन दोन पायऱ्या चढत वर निघाली.

तिसऱ्या मजल्यावर जे दिसलं ते बघून तिला आधी खरंच वाटेना. चार मोठे दिवे, मधोमध फुलाफुलांच्या चादरीची खाट, शेजारी तिचं मशीन. मशीनला झेंडूची माळ. खाटेवर राजेश्वरी आडवी, पोटाला उशी बांधलेली, वरून हिरवी साडी. उशीवर मशीनचा प्रोब, तो अंगावर फिरवायचा दांडा, धरून डॉक्टरचा पांढरा कोट घातलेला एक मुलगा हसत होता, आणि कॅमेऱ्यामागून अनिलकुमार सर त्याला अजून थोडं आनंदानं हसायला सांगत होते.

नव्या वर्षाच्या प्रवेशासाठी जाहिरात करायची होती. अण्णांनी सांगितलं, तिन्ही कोर्सची एकेक मिनिटाची फिल्म करा. मशीन पहिल्या मजल्यावर, दिवे तिसऱ्यावर. लिफ्ट तर मंगल कार्यालयाच्या काळापासून कागदावरच. मग सकाळी आठला अण्णांनी स्वतः किल्ली दिली आणि चार मुलांनी मशीन उचलून वर नेलं. अनिलकुमार सर हे सगळं असं सांगत होते जणू तिनं शाबासकीच द्यायला हवी.

“पोट कशाला?” धम्मप्रियानं विचारलं. “आपण पाय बघतो. पाय.”

“पायाकडं कोण बघतंय मॅडम,” सर समजुतीनं म्हणाले. “फ्रेममध्ये काही तरी भावना पाहिजे की.”

यानंतर ती जे बोलली ते सगळं सांगण्यात अर्थ नाही. तोंडाचा पट्टा असा सुटला की दिव्याजवळचा मुलगा दिव्याआड गेला. मला न विचारता मशीनला हात लावलाच कसा, ही काय कपड्याची ट्रंक आहे, सरकारी माणूस आला तर आठ मुलींच्या वर्षाचं काय, आत्ताच्या आत्ता खाली न्या, असं ती दोनदा म्हणाली. राजेश्वरी खाटेवर उठून बसली आणि कसनुसं तोंड करून म्हणाली की तुमाला म्हाईत हाय असं सरांनी सांगितलं हुतं. अनिलकुमार सरांनी मान हलवली, म्हणजे हो की नाही ते कळलं नाही. कॅमेऱ्यावरचा लाल ठिपका या सगळ्यात चालूच होता, पण त्याकडे लक्ष द्यायला धम्मप्रियाला उसंत कुठली.

मशीन उचललं. चार मुलं चार कोपऱ्यांना, पुढे धम्मप्रिया उलटी उतरत, हळू, हळू, डावीकडे, वायर सांभाळा. मागून पायाला लावायच्या जेलची बाटली आणि प्रोब छातीशी धरून राजेश्वरी. दुसऱ्या मजल्याच्या खालच्या वळणावर मशीनचं एक चाक कठड्यात अडकलं. ते सोडवायला धम्मप्रिया वाकली तेव्हा तिला खालून वर येणाऱ्या दोन चपला दिसल्या. साध्या, काळ्या, सरकारी चपला. वर पाहिलं तर आरोग्य खात्याच्या तपासणी पथकातल्या डॉक्टर बाई, त्यांच्यामागे फाइल घेतलेला कारकून, आणि त्याच्यामागे घामाघूम झालेले अण्णा.

बाईंनी जिन्यातलं मशीन पाहिलं, माळ पाहिली, मग राजेश्वरीकडे पाहिलं.

“कितवा महिना?”

“उशी हाय, मॅडम,” राजेश्वरी म्हणाली.

धम्मप्रियाला त्या क्षणी कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं, पण दोन्ही हात चाकात होते. वर राहिलं असतं तर निदान एका खोलीत तरी सापडलं असतं. तिच्याच घाईनं ते आता कुठल्याच खोलीत नव्हतं.

बाई आल्या होत्या त्या कॉलेजच्या वेबसाइटमुळे. वेब डिझाइनच्या मुलांना रोज एक तरी नवी गोष्ट साइटवर चढवावी लागे, त्याचे गुण होते. त्यातला शिवू नावाचा मुलगा फार हुशार आणि फार तत्पर. त्यानं आदल्या दिवशी एका गरोदर बाईचं चित्र टाकून वर लिहिलं होतं: ‘उद्या आमच्या कॉलेजात सोनोग्राफीचे शूटिंग. आनंदाची बातमी लवकरच.’ कुणीतरी ते पाहून तक्रार केली. सरकारी गाडी यायची तेव्हा येत नाही आणि यायची नसते तेव्हा बरोबर येते, तशी ती आली.

मशीन खोलीत ढकलून आत ठेवलं गेलं. बाईंनी कारकुनाकडून खोलीची मापं घ्यायला सुरुवात केली आणि धम्मप्रियाला सांगितलं की रजिस्टर घेऊन ऑफिसात या, मशीन कुणी हलवलं आणि का, ते लेखी हवं. रजिस्टर छातीशी धरून ती खाली निघाली, तर पॅसेजमध्ये अण्णांनी गाठलं. अनिलकुमार सर भिंतीला टेकून उभे होते.

अण्णांनी सगळं जुळवून ठेवलं होतं. मशीन बिघडलं होतं, दुरुस्तीला न्यायचं होतं. शूटिंगचा आणि मशीनचा काही संबंध नाही. वर पोरं नाटक करत होती. मॅडमनी दुरुस्तीसाठी बाहेर काढायला सांगितलं, कळवायचं तेवढं राहून गेलं. बाई ताकीद देतील आणि जातील. धम्मप्रिया म्हणाली की हे खोटं आहे आणि ते माझ्या नावावर का. अण्णा म्हणाले, तुमीच तर इन्चार्ज हाय की, माझ्या नावानं कोण मानंल. तिनं रागानं विचारलं की किल्ली कुणी दिली होती. अण्णांनी पॅसेजच्या टोकाकडे बोट दाखवलं.

“मॅडम, आठ पोरींचं वरीस तुमच्या हातात हाय,” ते म्हणाले. “येक वळ लिवायची. तुमचं काय जातंय त्यात?”

धम्मप्रियाचं काय जातंय हे अण्णांना कळणं शक्यच नव्हतं. या रजिस्टरवर ती मुलींना रडवत आली होती. डावा पाय लिहायचा तिथं उजवा लिहिला म्हणून तिनं राजेश्वरीला सगळं पान पुन्हा लिहायला लावलं होतं. जे बघितलं तेच लिहायचं, मनाचं काही लिहायचं नाही, हे वर्षभर घोकून घेतलं होतं. पण पॅसेजच्या टोकाला आठही जणी घोळक्यानं उभ्या होत्या. राजेश्वरीनं उशी सोडून हातात घेतली होती आणि ती कुठं ठेवावी हे तिला कळत नव्हतं. धम्मप्रियानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं. तिनं भिंतीवर रजिस्टर टेकवलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘यंत्रात बिघाड झाल्याने दुरुस्तीसाठी माझ्या सूचनेवरून हलविले.’ खाली सही केली, वेळ घातली. सगळा राग अण्णांवर होता, अनिलकुमारवर होता, त्या शिवूवर होता, आणि लिहीत होती ती.

ऑफिसात बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. बिघाड कसला, असं विचारलं. प्रोबचा, धम्मप्रिया म्हणाली, चित्र नीट येत नव्हतं. एवढं बोलताना तिचे कान तापले. बाईंनी कंटाळल्यासारखं पेन काढलं. आधी न कळवता दुरुस्तीला काढणं हीसुद्धा चूकच, पण पहिलीच वेळ आहे, तर लेखी ताकीद देते, असं म्हणून त्यांनी कागद लिहायला घेतला. अण्णांनी चहा मागवला. धम्मप्रियानं सकाळपासून पहिल्यांदा पाठ खुर्चीला टेकली.

“आणि ती कालची जाहिरात आधी काढा,” बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. “माझ्यासमोर काढा. मी बघते.”

त्यांनी फोनवर साइट उघडली आणि त्यांचं पेन थांबलं. कालच्या चित्राच्या वर नवा व्हिडिओ होता, वीस मिनिटांपूर्वीचा. ‘पडद्यामागे: आमच्या कॉलेजात असे झाले शूटिंग.’ अनिलकुमार सरांच्या मुलांनी नेहमीप्रमाणे घेतलेलं सगळंच्या सगळं तुकडे जोडून दुसऱ्या मजल्यावर पाठवलं होतं, आणि शिवूनं आजचे गुण पदरात पाडून घेतले होते. न बघता चढवलं म्हणावं, तर त्यानं ते फार काळजीनं बघितलेलं दिसत होतं, कारण व्हिडिओत दिसणाऱ्या माणसांची नावंही त्यानं खाली घातली होती.

बाईंनी फोन टेबलावर सगळ्यांना दिसेल असा ठेवला. सकाळचं ऊन, पहिला मजला, बाह्या सरसावलेले अण्णा: “उचला रं, दमानं. कपाट न्हाई त्ये लग्नातलं.” मशीन जिना चढतंय. माळ घातली जातेय. उशी बांधली जातेय. आणि शेवटी दारातून आत येणारी धम्मप्रिया बाबरे, कपाळावर आठ्या, ऑफिस दणाणून जाईल अशा आवाजात: मला न विचारता मशीनला हात लावलाच कसा, सरकारी माणूस आला तर आठ मुलींच्या वर्षाचं काय, आत्ताच्या आत्ता खाली न्या.

व्हिडिओ संपला. चहा आला होता तो कुणी उचलला नाही. बाईंनी ताकिदीचा कागद फाडला नाही, नुसता घडी घालून पर्समध्ये टाकला आणि पंचनाम्याचा छापील कागद काढला. मग धम्मप्रियाकडे पाहून म्हणाल्या, “तुमचा काही दोष नव्हता, हे तुमच्याच आवाजात आहे. मग हे का लिहिलंत?”

धम्मप्रियानं मुलींच्या परीक्षेचं सांगितलं. सांगताना जीभ अडखळली, पण सगळं सांगितलं, प्रोबचं खोटंही. बाईंनी ऐकून घेतलं. मशीन सील होणारच होतं, त्या म्हणाल्या, जिन्यात सापडलं तेव्हाच ते ठरलं, ते कुणाच्या हातात नाही. पण सील झालेल्या ठिकाणच्या विद्यार्थ्यांची परीक्षा दुसऱ्या नोंदणी झालेल्या सेंटरवर घेता येते. इन्चार्ज शिक्षकानं अर्ज करायचा, मी शेरा मारायचा, दोन दिवसांचं काम. “तुम्ही विचारलं असतं तर मी याच टेबलावर करून दिलं असतं. आता तुमच्या नावानं मला शेरा मारता येत नाही. ज्यांनी रजिस्टरात खोटं लिहिलं त्यांच्या हाताखाली मी परीक्षा कशी होऊ देऊ?”

अण्णा काही तरी बोलायला गेले. धम्मप्रियानं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते खुर्चीत मागे सरकले. राग आला होता, पण आता तो कुणावर काढावा हे तिला कळेना. कायदा सगळ्या कॉलेजला शिकवत हिंडणारी ती, आणि हा एक नियम तिला माहीत नव्हता. माहीत नसणं एकवेळ चालेल, पण बाई समोर बसलेल्या असताना तिनं विचारलंही नव्हतं. लिहून मोकळी झाली होती.

दुपारी मशीनला पांढरं कापड गुंडाळलं, दोरीवर लाखेचं सील मारलं. झेंडूची माळ काढायची राहिली होती, ती कापडाच्या आतच गेली. अनिलकुमार सरांनी हे मात्र कॅमेऱ्यात घेतलं नाही.

परीक्षा ठरलेल्या दिवशीच झाली. शहरातल्या एका हॉस्पिटलातल्या दुसऱ्या बाईंनी धम्मप्रियाऐवजी इन्चार्ज म्हणून अर्जावर सही केली आणि आठही मुली त्यांच्या सेंटरवर जाणार होत्या. धम्मप्रियाला त्या सेंटरच्या आवारात यायला मनाई होती. ती सकाळी कॉलेजच्या फाटकाशी उभी राहिली. दोन रिक्षा आल्या. तिनं प्रत्येकीला सांगितलं: जेल जास्त घेऊ नका, पेशंटचे पाय आधी नीट झाका, घाबरलात की प्रोब दाबला जातो, दाबू नका, आणि जे दिसेल तेच लिहा. हे शेवटचं वाक्य सवयीनं तोंडातून गेलं आणि तिनं मान खाली घातली. मुलींनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. सात जणी रिक्षात बसल्या.

राजेश्वरी मागे राहिली. कोट घडी करून हातावर टाकलेला, केस चापूनचोपून बांधलेले.

“मॅडम, येक इचारू?” ती म्हणाली. “त्ये कशापायी लिवलं तुमी?”

“तुमच्यासाठी लिहिलं गं.”

राजेश्वरीनं जरा विचार केला. तिच्या आवाजात राग नव्हता, उलट समजावल्यासारखंच ती बोलली.

“आमी मागितलं नव्हतं, मॅडम. आमी आठ जणी तितंच उभ्या हुतो. इचारलं असतं तर नको म्हणलं असतं.”

पुढच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. राजेश्वरी वाकून धम्मप्रियाच्या पाया पडली, उठली, आणि पळत जाऊन रिक्षात बसली. रिक्षा वळणावरून दिसेनाशा झाल्या. आठवडाभर धम्मप्रिया ज्याच्या त्याच्यावर ओरडत होती, अण्णांवर, सरांवर, शिवूवर, घरी आईवर. आता ओरडायला समोर कुणीच नव्हतं, आणि तिला नुसती लाज वाटत होती.